पंधरावं डोकं

पत्र वाचलं आणि मला बरं वाटलं. नाही, इथून सुरुवात केली तर मी वाईट दिसते. परत. समजा, बुधवार आहे, जानेवारीतला दुसरा. सकाळचे साडेनऊ झालेत आणि धुकं अजून टँकरच्या चाकांवर बसून आहे. चीजच्या कारखान्यात दूध उतरवून घेतात तिथे एक खोली आहे, न्हाणीघराएवढी, तिला सगळे प्रयोगशाळा म्हणतात. त्या खोलीत मी उभी आहे. अव्हेलिनोच्या टँकरमधला नमुना पट्टीवर टाकलाय. गाईला औषध टोचलेलं असलं आणि ते दुधात उतरलं असलं तर पट्टीवरची दुसरी रेघ उमटत नाही, मग अख्खा टँकर ओतून द्यावा लागतो. त्यामुळे ती आठ मिनिटं कुठलाच ड्रायव्हर माझ्याशी धड बोलत नाही. अव्हेलिनो मात्र बोलतो. आज म्हणत होता, नाता, तू विद्यापीठात गेलीस की इथे कुणी तरी हसरी पोरगी ठेवतील, तुझं तोंड बघून दूध नासतं. मी पट्टीकडे बघत होते आणि खिशातला फोन थरथरला. कॉलेजचं पत्र होतं. रेषीय बीजगणित, सोमवार आणि बुधवार, अकरा वाजता. आत्तापर्यंतची नावनोंदणी अकरा. किमान संख्या पंधरा. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पंधरा न झाल्यास वर्ग रद्द. सोमवारी पहिल्या दिवशी जो हजर नसेल त्याचं नाव कमी होईल, आणि उरलेले पंधरापेक्षा कमी भरले तर वर्ग त्याच दिवशी रद्द. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी वाचलं. पट्टीवर दुसरी रेघ उमटली. अव्हेलिनोला अंगठा दाखवला. आणि मला बरं वाटलं.

म्हणजे दूध पास झालं म्हणून नव्हे. हे बरं वाटणं मानेच्या मागून खाली आलं, गरम पाण्यासारखं, आणि खांदे खाली बसले. लहानपणी धुक्याच्या दिवशी आम्ही दोघी बहिणी टेबलाशी बसून रेडिओ ऐकायचो. कुठल्या शाळेच्या बस दोन तास उशिरा, कुठल्या तीन तास, कुठल्या नाहीतच, अशी यादी यायची. आमच्या शाळेचं नाव 'नाहीतच'मध्ये आलं की पोटात असंच काही तरी सुटायचं. जायचं नाही. आपण ठरवलं नाही, धुक्यानं ठरवलं. मी तेहतीस वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, पहाटेची पाळी दहाला सुटली की हातावरचा दुधाचा वास तसाच घेऊन मी कॉलेजात जाते. तिन्ही कॅल्क्युलस केली. नोव्हेंबरात समुद्राकाठच्या विद्यापीठाकडे अर्ज धाडला आणि त्यात लिहून दिलं की रेषीय बीजगणित या वसंत सत्रात पूर्ण होईल. ते झालं नाही तर गणिताच्या शाखेत जागा नाही. दुसरं कॉलेज दीड तासावर, आणि तिथला वर्ग नेमका माझ्या पाळीत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो म्हणे. पण मी स्वतःला ओळखते. पुढच्या वर्षी मी अर्ज करणार नाही. सगळं इतकं सरळ असताना बरं कसं वाटलं? हा प्रश्न मी टँकरची शिडी चढताना विचारला, उतरताना विचारला, आणि मग पुढच्या टँकरचा नमुना सांडला.

समजा, मला वर्ग नकोच आहे. मग पाळी सुटल्यावर मी गाडी सरळ घराकडे वळवायला हवी होती. वळवली कॉलेजकडे. सुट्टी संपायची होती, पण गणिताची मदतखोली उघडी होती आणि वाँग बाई तिथे डब्यातला चिकटभात बोटांनी खात बसल्या होत्या. वाँग बाई तीन गावांतल्या तीन कॉलेजांत तासांवर शिकवतात. पुस्तकं, खडू, बदलायच्या चपला, सगळं गाडीच्या डिकीत. हा वर्ग गेला तर त्यांच्या सोमवार-बुधवारात भोक पडणार, पण शिक्षकांनी विद्यार्थी गोळा करत फिरू नये असा नियम आहे, आणि बाई नियम पाळतात. त्यांनी फक्त भाताचा गोळा माझ्याकडे सरकवला. तो संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुला हवाय का वर्ग?"

मी हो म्हटलं. पण मध्ये एक क्षण गेला. तो त्यांनी पाहिला आणि पुन्हा भाताकडे बघायला लागल्या. दोन सत्रांपूर्वी याच बाईंनी शिकवलं होतं की एक, मग अर्धा, मग एक तृतीयांश, मग पाव अशी बेरीज करत गेलं तर प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान, शेवटी नसल्यासारखंच, तरी बेरीज थांबत नाही, ती कुठल्याही आकड्याच्या पुढे जाते. मला ते पटलं नव्हतं. सिद्धता पाठ केली, गुण मिळाले, पटलं नव्हतं. त्या दिवशी खोलीतून बाहेर पडताना पटलं. दर तासाला भीती आधीच्या तासापेक्षा कमी होत होती आणि सगळी मिळून मावत नव्हती.

आमच्या कॉलेजात जानेवारीत डोकी गोळा करायची पद्धत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण वरच्या गणिताचा प्रत्येक वर्ग अशाच गोळा केलेल्या डोक्यांवर उभा असतो. अट एकच, डोक्यानं दुसरं कॅल्क्युलस पास झालेलं हवं, नाही तर संगणक नाव घेत नाही. मग लोक आपल्या आतेभावाला, निवृत्त शिक्षकाला, कधी तरी शिकून सोडून दिलेल्या शेजाऱ्याला धरून आणतात. तो नाव घालतो, पहिल्या दिवशी येऊन बसतो, हजेरी देतो, आणि दोन आठवड्यांच्या आत नाव काढून घेतो. प्रगतिपुस्तकावर डाग राहत नाही. या वर्षीचा मुकादम रिगोबेर्तो. पन्नाशीचा, जमीन मोजणाऱ्यांच्या हाताखाली पंचवीस वर्षं फिती धरून उभा राहिलेला, आता म्हणतो मला कळायला हवं की मी काय धरून उभा होतो. रिगोनं बुधवारी संध्याकाळपर्यंत तीन डोकी आणली. त्यातलं एक त्याच्या आधीच्या बायकोच्या नवऱ्याचं. "हिशेबनीस आहे," रिगो फोनवर म्हणाला, "कॅल्क्युलस अ श्रेणीत. बायको नेलीस तर एवढं कर म्हटलं." म्हणजे चौदा. गुरुवारी सकाळी एका मुलीनं विमानदलात भरती झाले म्हणून नाव काढलं. तेरा. नऊ वाजता एक वाढला. चौदा. मग तिथेच. रिगोनं विचारलं, तुमच्या घरी कुणी नाही का शिकलेलं, तुम्ही पोर्तुगीज लोक तर एकेका घरात आठ-आठ असता. मी म्हटलं, नाही, आमच्यात सगळे गाईंच्या मागे.

हे खोडायचं. आमच्यात एक होती.

माझी बहीण फिलोमेना. मेना. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. याच कॉलेजात, याच खोल्यांत, एकोणीस वर्षांपूर्वी. ती गणित करायची तेव्हा स्वयंपाकघरातलं टेबल तिचं असायचं आणि माय सूपची पातेली जमिनीवर ठेवून भाजी चिरायची. मी चौदाची होते. मेनाच्या वहीत मोठ्या ताणलेल्या एस सारखी चिन्हं असायची, मला ती मान अवघडलेल्या बगळ्यांसारखी वाटायची. मग त्या हिवाळ्यात वडील दूध काढायच्या शेडमध्ये पडले, डावं अंग गेलं, आणि मेना विद्यापीठात गेली नाही. तिनं एकशेवीस गाई सांभाळल्या, विकायची वेळ आली तेव्हा विकल्या, वडिलांना पुरलं, मायला सांभाळते आहे, शाळेची बस चालवते आहे. आमच्या घरात ही गोष्ट कुणी मोठ्यानं सांगत नाही. पाहुण्यांसमोर माय मेनाच्या डोक्यावरून नुसता हात फिरवते, तेवढ्यात ती सांगून होते. मला कॉलेजात नाव घालायला एकतीस वर्षं लागली त्याचं कारण हेच. तिनं जे सोडलं ते उचलायचं म्हणजे कुणाच्या ताटातला घास उचलण्यासारखं. पुस्तक उघडलं की ती न गेलेली मेना माझ्या शेजारी येऊन बसते, बावीस वर्षांची, ओले केस, आणि माझ्या आकडेमोडीकडे बघत काही बोलत नाही. तिला जाऊन सांगायचं काय? की तुझं अर्धवट राहिलेलं दे, मला पुढे जायला एक डोकं कमी पडतंय?

गुरुवारी अकराला गेले. सकाळची फेरी संपल्यावर दुपारच्या फेरीपर्यंत बसगाड्या आगारात असतात, मेना तेव्हा गाडी झाडते. पिवळ्या बसच्या आत ओल्या कोटांचा, केळ्याच्या सालीचा वास होता. ती मागच्या बाकापासून झाडत पुढे येत होती आणि मी पायऱ्यांवर उभी राहून तिच्या केरसुणीला सगळं सांगितलं. अकरा, चौदा, तेरा, चौदा. फक्त नाव. एक दिवस येऊन बसायचं. मग काढून घे. ती एका बाकाखालून एकच हातमोजा काढत होती. तिनं तो खिडकीच्या कडेला ठेवला, तिथे आधीच चार होते, सगळे वेगवेगळे.

"माझं नाव नको त्या यादीत," ती म्हणाली.

मी म्हटलं की दोन आठवड्यांत निघेल, कुणाला कळणारही नाही.

"अगं, तेच. काढलं होतं मी."

मला कळलं नाही. तिनं केरसुणी बाकाला टेकवली आणि ड्रायव्हरच्या खुर्चीत जाऊन बसली, म्हणजे तिची पाठ माझ्याकडे. वरच्या मोठ्या आरशात, मुलांवर लक्ष ठेवायचा असतो त्या आरशात, तिचं तोंड मला दिसत होतं. त्या वर्षीही वर्ग असाच अडकला होता, ती सांगू लागली. तेव्हा किमान दहा लागायचे. बरोब्बर दहा होते. शेवटच्या दिवशी चारच्या सुमारास ती कॉलेजच्या खिडकीशी गेली आणि स्वतःचं नाव काढून आली. पाचला वर्ग रद्द झाला. मी म्हटलं, वडील पडले म्हणून. माझा आवाज विचारल्यासारखा आला नाही, सुचवल्यासारखा आला.

"बाबा पडले अकरा दिवसांनी. घरात कुणी तारखा लावून बघितल्या नाहीत. तूही नाहीस, आणि तू म्हणे गणित करतेस."

का काढलं, हे मी विचारलं की नाही आठवत नाही. तिनं सांगितलं ते असं. कॅल्क्युलसपर्यंत तिला सगळं डोळ्यांनी दिसत होतं, वक्र, उतार, भांड्यात चढणारं पाणी. मग सुट्टीत तिनं नवं पुस्तक उघडलं आणि त्यात पानंच्या पानं काही दिसेना. नुसती अक्षरं, चौकटीत बसवलेली. तिला वाटलं, इथपर्यंतच होतं आपलं. विद्यापीठात सगळं असंच असणार आणि तिथे सगळ्यांना कळणार. नाव काढून बाहेर आली, गाडीत बसली, पिशवीतलं अख्खं लिंग्विसाचं, म्हणजे आमच्याकडच्या लसणाच्या सॉसेजचं, सँडविच खाल्लं, मायनं संध्याकाळसाठी दिलेलं होतं ते. इतकं चवीनं ती कधी जेवली नव्हती. अकरा दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. बाराव्या दिवशी सांगायची गरज राहिली नाही. सगळ्यांनी आपापलं समजून घेतलं, आणि ते तिच्या खऱ्यापेक्षा इतकं चांगलं होतं की तिनं ते घेतलं. "दुसऱ्या नऊ जणांचं काय झालं, ते मला नको होतं कळायला," ती म्हणाली. "गाव लहान. कळतंच. त्यातल्या एकाचा मुलगा माझ्या बसमध्ये आहे. रोज चढताना म्हणतो, गुड मॉर्निंग, मिस मेना."

आता मला राग यायला हवा होता. एकोणीस वर्षं मी तिच्यासमोर पाय ताणून बसले नाही. आगारात दुसऱ्या कुठल्या तरी बसचं इंजिन तापवत होते, त्याची थरथर माझ्या पायाखालच्या पायरीत येत होती, आणि मी राग शोधत होते, फोन शोधतो तसा, एका खिशातून दुसऱ्या खिशात. प्रत्येक समीकरणात एक पद मी या बाजूचं त्या बाजूला नेत आले होते, चिन्ह बदलत, जपून, कधी न गाळता. ते शून्य निघालं. ती माझ्यासाठी थांबली नव्हती. कुणासाठीच थांबली नव्हती. ती घाबरली होती. बावीस वर्षांची, ओले केस, माझ्या शेजारी येऊन बसायची ती काही न बोलणारी मुलगी बोलत नव्हती कारण तिला येत नव्हतं. मला हसू फुटलं. आणि मग, तिनं आरशातून रोखून बघितल्यावर, मी तिला पत्राचं सांगितलं. वर्ग रद्द होणार हे वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं, ते. हे मी कुणालाही सांगणार नव्हते, स्वतःलाही खोडून खोडून सांगितलं होतं.

मेना खुर्ची फिरवून माझ्याकडे वळली. "बरं वाटलं?"

"खूप."

"मग आपण दोघी सख्ख्याच," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "आण तो फोन. इतक्या वर्षांनी माझं नाव घेतं का बघू."

संगणकानं घेतलं. एक दिवस लावला, पण घेतलं. दुसरं कॅल्क्युलस, ब श्रेणी, बोर्बा, फिलोमेना. मला तिची श्रेणी माहीत नव्हती. घरात सगळे समजत होते अ. शुक्रवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना आकडा पंधरा झाला आणि रिगोनं फोन करून विचारलं, ही बोर्बा कोण, तुझी कोण? मी म्हटलं बहीण. तो म्हणाला, म्हणजे होती ना घरात एक, काल नव्हती ती रात्रीत शिकली का? आमच्यात अशी वाढतात, मी म्हटलं.

सोमवारी धुकं. साधं नव्हे, हात पुढे केला तर बोटं जातात असं. कारखान्यात टँकर उशिरा आले, मी दहाला निघाले आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं, पांढऱ्या पट्टीवर डोळे ठेवून, कॉलेजात आणली. वाटेत रेडिओवर यादी चालू होती. आमच्या भागातल्या शाळेच्या बस तीन तास उशिरा. मी आकडेमोड केली. सातची पहिली फेरी दहाला, ती पावणेअकराला संपणार, दुसरी बाराला सुटणार. मध्ये कॉलेज. कॉलेज मध्ये नाहीच, उलट्या दिशेला. वर्गात चौदा जण बसले होते. रिगोच्या आधीच्या बायकोचा नवरा टाय लावून आला होता. वाँग बाईंनी अकरा वाजून एक मिनिटानं यादी उघडली. आमचं आडनाव ब वरून, त्यामुळे तिसरंच नाव. बोर्बा, फिलोमेना. रिगोनं दाराकडे मान वळवली. बोर्बा, नातालिया. मी आहे म्हटलं. बाई पुढे गेल्या. प्रत्येक नाव त्या असं उच्चारत होत्या की जणू त्याला पाच-सहा अक्षरं जास्त आहेत. तरी यादी संपलीच. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. पुसलेला फळा पुसला. मग म्हणाल्या, हजेरी तासाच्या शेवटी एकदा पुन्हा घेईन, आज धुकं आहे, असं नियमात बसतं. बसतं की नाही कुणी विचारलं नाही. त्या शिकवायला लागल्या.

मी दाराकडे बघत नव्हते. मी आत बघत होते, मुद्दाम, जसं दुधाच्या पट्टीकडे बघते. ते गरम पाणी येतंय का मानेमागून? वर्ग जाणार, आपण ठरवलं नाही, धुक्यानं ठरवलं. ये, मी म्हटलं, आता तुझी वेळ आहे. आलं नाही. पेन बोटांतून घसरत होतं, आणि अकरा वीस झाले तेव्हा माझ्या तोंडून मायच्या भाषेतली एक प्रार्थना निघत होती जी मी शेवटची वडिलांच्या मातीला म्हटली होती. मला हा वर्ग हवा होता. बाईंनी विचारलं होतं तेव्हा मध्ये जो क्षण गेला होता, तो आता नव्हता, कुठेच. या वेळी बरं वाटलं नाही. हे कळलं आणि त्याचंच इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि फळ्यावरची पहिली ओळ पुसट झाली.

अकरा चोवीसला दार उघडलं. नारिंगी जाकीट, हातात किल्ल्यांचा जुडगा, केसांवर धुक्याचे थेंब. मेनानं खोली पाहिली. भिंती, फळा, वरचे दिवे. मग कुणाला काही न विचारता पहिल्या रिकाम्या बाकावर बसली, टायवाल्याच्या शेजारी. बाई म्हणाल्या, "बोर्बा, फिलोमेना."

"आहे."

बाईंनी खूण केली. खूण करायला किती वेळ लागतो? पेन कागदाला लागलं आणि उचललं. मागे रिगोनं श्वास सोडला तो सगळ्यांनी ऐकला. बाई फळ्याकडे वळल्या आणि दोन समीकरणांच्या खाली चौकट काढून त्यातले आकडे आत बसवायला लागल्या. मेना बघत होती. तिच्याजवळ वही नव्हती, पेन नव्हतं. मान थोडी पुढे, बस वळणावर घेताना असते तशी. मला वाटलं, आता तिला दिसेल. किंवा दिसणार नाही. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि मला एकदम जाणवलं की ते मला कळायची गरज नाही. पाच मिनिटं झाली असतील. तिनं हात वर केला.

"बाई, मी आता उठून गेले तर वर्ग बंद होतो का?"

वाँग बाईंनी यादीकडे पाहिलं, आणि मग, मला वाटतं त्यांना माझ्या बहिणीबद्दल काहीही माहीत नसताना, जरा जास्तच नीट उत्तर दिलं. "नाही. आज पंधरा भरले. आता तुम्ही गेलात, नाव काढलंत, तरी काही होत नाही. वर्ग चालणार."

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

"मग जाते. बस चालू ठेवून आलेय दारात," मेना म्हणाली. टायवाला हसला, एक-दोघं हसले, तीही हसली. उठताना तिनं बाक नीट सरकवला. माझ्याजवळून जाताना थांबली नाही, किल्ल्यांचा जुडगा तेवढा माझ्या खांद्याला लागून गेला. दार बंद झालं. जरा वेळानं खाली कुठे तरी मोठं इंजिन घरघरलं, मागे येणाऱ्या गाडीचा तो टोचरा आवाज आला, थांबला, आणि गाडी रस्त्याला लागल्याचं ऐकू आलं. एक बाई वर्ग सोडून गेली होती आणि वर्ग चालू होता. वाँग बाई म्हणाल्या, हं, तर दुसरी ओळ. मी दुसरी ओळ लिहून घेतली.